उजेडाला हात लावायचा म्हटलं तर

मामाचं घर माळवदाचं होतं, सेलूकडच्या एका खेड्यात. हातभर जाड मातीच्या भिंती, वर तुळया, किलचं आणि त्यावर पुन्हा माती. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो छताला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी सोडलेल्या भोकातून. उन्हाळ्याच्या सुट्टीत भर दुपारी त्या साण्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरायचा, आणि मामी सुपात ज्वारी पाखडायला बसली की तो जास्तच ठळक व्हायचा. मी त्यात हात घालून बसायचो. मामी म्हणायची, "उजेडाला काय हात लावायलास रे? धरता यायलाय का?"

धरता यायचा नाही हे खरं. पण त्याला कडा होत्या. हात आत आहे की बाहेर, हे कळायचं. अंगठ्यापासून सुरुवात करून हळूहळू कोपरापर्यंत आत जाता यायचं.

अँथनी मॅकॉल या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कलावंतानं १९७३ साली जवळजवळ हाच खेळ मांडला. १६ मिलिमीटरची फिल्म, काळ्यावर एक पांढरा ठिपका. ठिपका सरकत सरकत ३० मिनिटांत एक वर्तुळ पूर्ण करतो. बस, एवढंच. समोरच्या भिंतीकडं बघत बसलात तर पाचव्या मिनिटाला उठून जाल. पण बघायचं असतं ते उलट्या दिशेनं, भिंतीकडं पाठ करून प्रोजेक्टरकडं. सुरुवातीला हवेत उजेडाची एक रेघ असते, मग तिचा वाकलेला पापुद्रा होतो आणि शेवटी कर्ण्यासारखा आतून पोकळ शंकू. लोक त्यात डोकं घालतात, आत उभे राहतात, काहीजण त्याला धक्का लागू नये म्हणून वाकून पलीकडं जातात. सुरुवातीच्या प्रयोगांत तिथल्या हवेतली धूळ आणि बघणाऱ्यांच्या सिगारेटींचा धूर मामीच्या ज्वारीचं काम करायचा. पुढं स्वच्छ संग्रहालयांत शंकू दिसेनासा झाला. धुकं सोडणारी यंत्रं आली तेव्हा तो परत उभा राहिला.

कारण असं की उजेड बाजूनं दिसत नाही. तो डोळ्यात शिरला तरच दिसतो. हवेतला कण त्याला आडवा येतो, त्यातला थोडा उजेड तुमच्या दिशेनं उडवतो. असे असंख्य कण मिळून मामाच्या घरात खांब उभा करायचे.

अशा कामांना मराठीत मांडणशिल्प म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण अर्थ बरोबर पकडतो: मूर्ती चौथऱ्यावर ठेवून तिच्याभोवती फिरायचं नाही, जागाच मांडलेली असते आणि तुम्ही तिच्या आत असता. किल्ल्यावरचा लाइट अँड साउंड शो मात्र यात धरू नका. तिथं भिंतीवर रंग टाकतात आणि भरदार आवाजात इतिहास ऐकवतात, म्हणजे उजेड आणि आवाज दोघंही गोष्टीचे नोकर. मिरवणुकीत आभाळात झोत फिरवणारा दिवा, शार्पी, तीही यात नाही. तिचं काम फक्त झगमगाट. आपण ज्याबद्दल बोलतोय तिथं दाखवायला गोष्ट नसते, चित्र नसतं. खोली मोठी आहे की लहान, भिंत इथं आहे की तिथं, हे आपण कशावरून ठरवतो, तेवढंच तिथं उघडं पडतं.

मग ते ठरवतो कशावरून? डोळ्याच्या पडद्यावर पडणारं चित्र सपाटच असतं. खोलपणा त्यात मेंदू भरतो, अंदाजानं. एक वस्तू दुसरीला झाकते म्हणजे ती अलीकडची. माणूस छोटा दिसतो म्हणजे लांब. दोन डोळ्यांची दोन चित्रं थोडी वेगळी, त्या फरकावरून अंतर. आणि हवेचा गढूळपणा. मे महिन्यात बालाघाटचे डोंगर फिके, लांब वाटतात. पहिला मोठा पाऊस होऊन धूळ बसली की तेच डोंगर एका रात्रीत गावाकडं सरकल्यासारखे दिसतात. डोंगर जागचा हललेला नसतो. धुरकट म्हणजे लांब आणि स्वच्छ म्हणजे जवळ, हा मेंदूचा ठोकताळा तेवढा चुकलेला असतो.

जेम्स टरेल या अमेरिकी कलावंताचं सगळं काम या ठोकताळ्यांवर उभं आहे. जन्म १९४३चा, लॉस एंजेलिसचा. कॉलेजात त्यानं आकलनाचं मानसशास्त्र शिकलेलं. १९६६ साली त्यानं खोलीच्या एका कोपऱ्यात, दोन भिंतींवर मिळून पडेल असा प्रोजेक्टरचा नेमका कापलेला उजेड टाकला. लांबून बघणाऱ्याला तिथं पांढराशुभ्र ठोकळा तरंगताना दिसतो. जवळ गेलं की ठोकळा विरतो, भिंतीवरचे कवडसे उरतात. दोन पावलं मागं आलं की ठोकळा परत हजर. कवडसा आहे हे माहीत झाल्यावरसुद्धा! मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. माहिती झाली म्हणून डोळा ऐकत नाही.

त्याची दुसरी एक तऱ्हा आहे. भिंतीला मोठं चौकोनी भोक, पलीकडच्या मोकळ्या जागेत सारखा पसरलेला रंगीत उजेड. बघणाऱ्याला ते भोक वाटतच नाही, रंगवलेली भिंत वाटते. १९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात असं काम लावलं होतं. तिथं या 'भिंतीला' टेकायला जाऊन माणसं पडली, आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

हे सगळं वाचून मला खाज सुटली. माझा आतेभाऊ मानवतला मंडप आणि डीजेचा धंदा करतो. त्याच्याकडं स्टेजचे डब्यासारखे 'पार' लाइट, धूर सोडणारं स्मोक मशीन, सगळं आहे. उन्हाळ्यात एका जिनिंगचं गोडाऊन रिकामं होतं, मालक ओळखीचा. मॅकॉलसारखा शंकू करून बघू म्हणून आम्ही पत्र्याच्या डब्याला तळाशी गोल फट पाडली, आत दिवा बसवला, आणि मशीन सुरू केलं. भावाला लग्नातल्या एन्ट्रीची सवय, त्यानं हात आखडता घेतलाच नाही. पाच मिनिटांत गोडाऊन गच्च भरलं. शंकू दिसेना, भिंती दिसेनात. दिव्याजवळ उभं राहिलं तरी सगळीकडं एकसारखा पांढरा उजेड. भाऊ म्हणाला, "दादा, हे तर काहीच दिसंना की," आणि दार समजून सरळ बारदान्याच्या थप्पीला जाऊन धडकला. गोडाऊन जेमतेम साठ फुटांचं. त्याला विचाराल तर तो आजही शंभर फूट चाललो म्हणतो.

शंकू फसला, पण नकळत आम्ही दुसरंच काहीतरी करून बसलो होतो. १९३०च्या दशकात वोल्फगांग मेट्झगर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बघणाऱ्याच्या पूर्ण नजरेत एकच एकसारखा उजेड भरला तर काय होतं, हे तपासलं होतं. याला गान्झफेल्ड म्हणतात, अर्थ 'संपूर्ण क्षेत्र'. होतं असं की डोळ्याला कडाच सापडत नाही. आणि कड नसली की मेंदूकडं मोजायला फुटपट्टी नाही. आधी समोर धुकं पसरल्यासारखं वाटतं, मग अंतर नाहीसं होतं. काहींना नसलेल्या आकृत्या दिसतात, काहींना थोडा वेळ डोळे मिटल्यासारखंच वाटतं. टरेलनं याच्या पूर्ण खोल्या बांधल्या आहेत. कोपरे गोल करून टाकलेले, जमीन भिंतीत कुठं मिसळते ते कळू नये असे, आणि हळूहळू रंग बदलणारा उजेड. धूर तिथं लागत नाही.

घरी करून बघायचं असेल तर टेबल टेनिसचा एक चेंडू मधोमध कापा, दोन्ही वाट्या डोळ्यांवर ठेवा आणि तोंडावर तांबडा दिवा पाडून दहा मिनिटं पडून राहा. कड घासून घ्या, कापते. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर डॉक्टरला फोन जाईल.

मामाच्या साण्याचं काय? टरेल तेही करतो. छताला भोक पाडून खाली बसायला बाकडी, याला तो स्कायस्पेस म्हणतो. फरक एका कडेचा आहे. मामाच्या साण्यातून वर बघितलं की मातीची हातभर जाडी दिसायची, म्हणून ते भोक वाटायचं आणि आभाळ वर लांब राहायचं. टरेल ती कड वरच्या बाजूनं घासून चाकूच्या पात्यासारखी पातळ करतो. जाडी दिसत नाही, आणि मग आभाळ वर राहत नाही. छताला चिकटवलेल्या निळ्या कापडासारखं खाली येऊन बसतं. संध्याकाळी आतले दिवे बदलतील तसा त्या कापडाचा रंग बदलतो, आभाळ बाहेर होतं तसंच असलं तरी. १९७७ साली या माणसानं ॲरिझोनातलं एका विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड विकत घेतलं आणि तेव्हापासून त्यात अशाच खोल्या कोरतोय. आपण मराठवाड्यात बहुतेक जण थंड झालेल्या लाव्ह्यावरच घरं बांधून राहतो, पण ते कुणाच्या मनात येत नाही.

आता उजेड पूर्णच काढून घेतला तर? दौलताबादची सहल ज्यांनी केली आहे त्यांना अंधारी माहीत आहे. किल्ल्यावर जाणारा वळणावळणाचा, पायऱ्यांचा कोरलेला बोगदा, शत्रूला चकवण्यासाठी केलेला. आमच्या सहलीच्या वेळी गाइडनं मध्येच बॅटरी बंद केली. पोरी किंचाळल्या, पोरांनी आपण किंचाळलो नाही असं नंतर सांगितलं. वटवाघळांचा वास, पुढच्याचा खांदा. आपण डावीकडं वळलो की उजवीकडं, हे तीस सेकंदांत हरवतं. हाताला लागलेला दगड एवढीच काय ती खोली.

पण अंधारात घाई करून चालत नाही. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. रंग दाखवणाऱ्या पेशी भरल्या उजेडात काम करतात, आणि अंधुक उजेडाच्या पेशींना पूर्ण जाग यायला २० ते ३० मिनिटं लागतात. अमेरिकेत पिट्सबर्गच्या मॅट्रेस फॅक्टरी या संग्रहालयात टरेलचं १९८३चं एक काम कायमचं ठेवलं आहे. उतरंडीवरून अंधारात चढायचं, खुर्चीत बसायचं, समोर काहीच नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कुठंतरी फिकट काहीतरी उमटल्यासारखं वाटतं. ते खरंच बाहेर आहे की आपल्याच डोळ्याची करामत, याची खात्री बसल्या बसल्या होत नाही. दिवा खरंच असतो, अगदी मंद.

रंगाचं एक उदाहरण सांगून उजेडाचं प्रकरण मिटवतो. रस्त्यावर एलईडी येण्याआधी पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांच्याखाली लाल शर्ट मातकट दिसायचा. त्या दिव्यांत निदान थोडे इतर रंग मिसळलेले असायचे. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या ओलाफुर एलियासननं १९९७ साली निव्वळ पिवळा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड देणाऱ्या दिव्यांनी खोली भरली. तिथं सगळी माणसं जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतल्यासारखी दिसतात. २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्नच्या अवाढव्य हॉलमध्ये त्यानं अशाच दिव्यांचा अर्धा सूर्य लावला आणि छताला आरसा. आरशात अर्ध्याचा पूर्ण सूर्य झाला, हॉल दुप्पट उंच झाला, आणि २० लाखांहून जास्त लोक तो बघून गेले. कितीतरी जण जमिनीवर उताणे पडून छतात आपलं मुंगीएवढं प्रतिबिंब शोधायचे.

आवाजाकडं येऊ. गावात हरिनाम सप्ताह आहे. महाराज मंडपात उभे, एक कर्णा देवळावर, दुसरा वेशीजवळच्या लिंबाला बांधलेला. तुम्ही लिंबाखाली बसलात तर महाराज लिंबावरून बोलतात. कारण आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो. जवळच्या कर्ण्याचा आधी पोचतो, लांबचा मागून. फरक फार थोडा असेल, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या तीसेक भागांच्या आत, तर मेंदू दोन्ही एकच धरतो आणि आवाज पहिला जिथून आला तिथूनच आला असं ठरवून मोकळा होतो. फरक वाढला, समजा लांबचा कर्णा ३५ मीटर जास्त लांब आहे, तर सेकंदाचा दहावा भाग उशीर होतो आणि "विठ्ठल"चं "विठ्ठल-ठ्ठल" होतं.

डावं-उजवं कळतं तेही वेळेवरूनच. दोन कानांत वीतभर अंतर. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला उशिरा पोचतो, जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागानं. एवढा फरक मेंदू मोजतो. याहून कितीतरी बारीकही मोजतो. पण आवाज नेमका समोरून, मागून किंवा डोक्यावरून आला तर दोन्ही कानांना एकदमच लागतो. मग कानाच्या पाळीच्या घड्यांवरून अंदाज बांधावा लागतो आणि तिथं चुका होतात. अशा वेळी मेंदू डोळ्याला विचारतो. थिएटरात संवाद नटाच्या तोंडातून आल्यासारखे वाटतात ते त्यामुळंच.

जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलावंतीणीनं २००१ साली ४० स्पीकर डोक्याएवढ्या उंचीवर स्टँडला लावून लांबट गोलात उभे केले. सोळाव्या शतकातलं, थॉमस टॅलिसचं ४० सुरावटींचं चर्चगीत घेतलं आणि प्रत्येक गायकाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून एकेका स्पीकरला दिला. मधोमध उभं राहिलं की समूह, एका स्पीकरला कान लावला की एकच माणूस, त्याचा श्वास, त्याचा किंचित घसरलेला सूर. याचा अंदाज ज्याला यायचा आहे त्यानं कधीतरी भजनाला समोर बसू नये, दोन्हीकडच्या टाळकऱ्यांच्या मधल्या मोकळ्या वाटेनं पखवाजापर्यंत चालत जावं. चार पावलांना गाणं बदलतं. डावीकडचे म्हातारबाबा चाल ओढत असतात, उजवीकडचा पोरगा पुढं पळत असतो. कार्डिफच्या १४ मिनिटांपैकी ३ मिनिटं गाणं नाही. गायक खाकरतायत, गप्पा मारतायत. भजनाआधी पखवाजाला कणीक लावताना जे चालतं तेच. मला सांगाल तर त्या कामाचा जीव तिथं आहे, कारण तेवढ्यात स्पीकर विसरून माणसं दिसायला लागतात.

आतापर्यंत आवाज खोलीत होता. पण खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. दिवाळीआधी रंग द्यायला घर रिकामं करतात तेव्हा आपलंच बोलणं परकं वाटतं: गाद्या, कपडे, धान्याची पोती आवाज पितात आणि ती बाहेर गेलेली असतात. मातीच्या भिंतीही पितात. स्लॅबच्या घरात म्हणून टीव्ही जास्त कर्कश वाटतो. सेलू तालुक्यातच वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. अशा बारवेत किंवा कुठल्याही गोल बांधीव विहिरीत पोरं "ओऽऽ" करतात आणि पट्टी वरखाली करत राहतात. एका ठरावीक पट्टीला विहीर एकदम भरून येते. पोरांना ती पट्टी सापडते, कुणी शिकवावी लागत नाही.

अॅल्विन ल्युसिए या अमेरिकी संगीतकारानं १९६९ साली ही पट्टी खोलीकडूनच वदवून घेतली. खोलीत बसून चार वाक्यं बोलला, टेप केली. ती टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप केली. तीही पुन्हा. खोली दर खेपेला आपल्या आवडत्या पट्ट्या थोड्या वाढवते, बाकीच्या खाते. काही फेऱ्यांनंतर शब्द विरघळतात आणि नुसता सुरांचा झंकार उरतो. ल्युसिए अडखळत बोलायचा. अडखळणंही त्यात विरून जातं. दोन मोबाइल आणि एक रिकामी खोली असेल तर हे तुम्हालाही जमेल.

आवडती पट्टी कुठून येते? अकरा फुटांची, म्हणजे जवळजवळ ३.४ मीटर रुंद खोली घ्या. आवाजाची लाट एका भिंतीवरून निघून दुसरीवरून परत येते. जाणारी आणि येणारी लाट नेमकी जुळली तर ती जागीच उभी राहिल्यासारखी होते. या खोलीत ते सगळ्यात आधी सेकंदाला ५० कंपनांना होतं. मग भिंतीशी आवाज गच्च आणि मधोमध जवळजवळ गायब. भावाला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. हॉलमध्ये वधूपित्यानं बेस कमी आहे म्हणून तक्रार केली की तो मशीनला हात लावत नाही, त्यांना भिंतीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवतो.

अमेरिकी संगीतकार ला मॉन्ट यंग आणि कलावंत मॅरियन झाझीला या जोडप्यानं यावर आख्खं घर उभं केलं. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३पासून त्यांचं ड्रीम हाउस आहे: जांभळट गुलाबी उजेड, आणि कधी न बदलणारे, सतत चालू असलेले सूर. सूर स्थिर आहेत, पण मान वळवली की ऐकू येणारं बदलतं, कारण कान एका उभ्या लाटेतून दुसरीत गेलेला असतो. पुतळ्यासारखं थांबलं तर गाणंही थांबतं. या दोघांचे गुरू होते किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, १९७० साली अमेरिकेत गेलेले. जुळलेल्या तंबोऱ्याजवळ ज्यानं कान नेला आहे, त्याला हे घर फार परकं वाटू नये.

एवढं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, आपल्या लोकांना हे सगळं हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. मला हे पटत नाही. वेरूळला १० नंबरचं लेणं, सुताराची झोपडी, कोरणाऱ्यांनी ते समोरच्या बुद्धासाठी कोरलं. आवाजाचा त्यांनी विचार केला नसेल असं नाही, पण तिथं नजर जायची ती मूर्तीकडं. टरेल मूर्तीच काढून घेतो. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात खाली उतरत्या गाभाऱ्यात वाकून जाताना छाती दडपते, तेव्हाही आपण तिथं खोली बघायला गेलेलो नसतो.

तरी त्या लेण्यात मुद्दाम गेलो, भावाला घेऊन, दुपारी. वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, त्यामुळं दुपारनंतर ऊन आत शिरतं. वर लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या, दोन्हीकडं खांबांच्या रांगा. दगड आवाज पीत नाही. एका गाइडनं पर्यटकांसाठी "बुद्धं शरणं" लावलं आणि सूर थांबल्यावरही लेणं गात राहिलं. मी डोळे मिटले आणि भावाला म्हटलं, गाइड कुठं उभा आहे ते मी बोटानं दाखवतो. सूर भिंतींवरून, फासळ्यांवरून, सगळीकडून एकदम येत होता. मी बोट वर, छताच्या मधोमध केलं.

"दादा," भाऊ हळूच म्हणाला, "डोळे उघडा. तो तुमच्या मागं उभाय, खांबाला टेकून."